जुना डेस्कटॉप वाढवायचा की बदलायचा? पार्ट मागवण्याआधी एवढं वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"रॅम वाढवली तर मशीन पळेल ना?" हा प्रश्न काउंटरवर रोज येतो. बऱ्याचदा विचारणाऱ्याच्या पिशवीत रॅम आधीच असते. ऑनलाइन मागवलेली, पाकीट फोडलेली, परत करायची मुदत उलटलेली. सीपीयू उघडल्यावर पाच मिनिटांत कळतं की ती या बोर्डाला (मदरबोर्ड, ज्यावर सगळे पार्ट बसतात) बसतच नाही. तुमचे पैसे अडकतात, आमचा तास जातो आणि मशीन होतं तसंच राहतं. म्हणून हे पत्रक.

आधी बोर्ड, मग पार्ट

रॅमवर "८ जीबी" लिहिलेलं असतं, पण ती बसेल की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या पट्टीला २४० पिना असतात, त्यानंतरच्या डीडीआर४ ला २८८, आणि मधली खाच वेगळ्या जागी असते. दोन्ही पट्ट्या हातात शेजारी धरल्या तर डीडीआर४ ची पिनांची कड मध्यभागी किंचित फुगीर दिसते, डीडीआर३ ची सरळ असते. लॅपटॉपची रॅम लांबीला साधारण निम्मी असते, तीही डेस्कटॉपसाठी घेतली जाते. स्टिकर वाचायला शिकलात तर फसगत टळते: पीसी३-१२८०० म्हणजे डीडीआर३, १६०० चा वेग, पीसी४-२१३०० म्हणजे डीडीआर४, २६६६ चा वेग.

इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जनरेशनचा (पिढीचा; ती कशी ओळखायची ते पुढे आहे) प्रोसेसर असलेल्या डेस्कटॉपना (बोर्ड बहुधा एच६१ किंवा एच८१) डीडीआर३ लागते. सहाव्यापासून डीडीआर४ सुरू होते, पण काही एच११० बोर्ड डीडीआर३ चेच निघाले. त्यामुळे तिथे जनरेशनवरून अंदाज बांधू नका, बोर्डाचं मॉडेल पाहा. आणखी एक फसवी गोष्ट: स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर३ पट्ट्यांपैकी काही फक्त एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डावर चालतात. इंटेलच्या बोर्डात ती पट्टी खटकन नीट बसते, पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काही येत नाही. ग्राहकाला वाटतं बोर्ड गेला.

सगळ्यात महागात पडते ती जबरदस्ती. खाच जुळत नसताना अंगठ्याने दाबली की स्लॉटमधला प्लॅस्टिकचा दात तुटतो किंवा आतली पिन वाकते. एच६१ ला स्लॉट बहुधा दोनच असतात. त्यातला एक गेला की वाढवायची सोय संपली.

एसएसडीचंही (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचंही) तसंच आहे. एच६१ आणि एच८१ बोर्डांवर एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट सहसा नसतो, म्हणून त्यांना २.५ इंची साटा (केबलने जोडायची) एसएसडी घ्यायची. एनव्हीएमई (जास्त वेगाची पट्टीसारखी एसएसडी) आणून अडॅप्टर कार्डावर बसवली तर विंडोजमध्ये ती दिसते, पण जुन्या बायोसमधून (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) तिच्यावरून मशीन सहसा सुरू होत नाही. प्रोसेसरच्या बाबतीत तर सॉकेट दिसायला एकच असूनही घोटाळा होतो. सहावी-सातवी आणि आठवी-नववी जनरेशन दोन्ही एलजीए ११५१ सॉकेटची, तरी एच११० बोर्डावर आठव्या जनरेशनचा प्रोसेसर चालत नाही.

बोर्डाचं नाव घरबसल्या मिळतं. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, msinfo32 असं टाइप करायचं आहे, म्हणजे इंग्रजीत एम-एस-इन्फो आणि पुढे ३२. उघडलेल्या खिडकीत बेसबोर्ड प्रॉडक्ट ही ओळ शोधा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी निवडा; एकूण किती स्लॉट आणि किती भरलेत ते तिथे दिसतं. या दोन खिडक्यांचे मोबाइलने फोटो काढून आम्हाला पाठवा. फोटो असेल तर कोणता पार्ट बसेल हे आम्ही फोनवर सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही. पार्ट आमच्याकडूनच घ्यावा अशी अट नाही.

मशीन नेमकं कशामुळे अडतंय?

टास्क मॅनेजर उघडाच ठेवा आणि नेहमीचं काम करा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून राहत असेल तर रॅम वाढवून फारसा फरक पडणार नाही, हार्ड डिस्क बदलायला हवी. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एक फेरा घ्यायला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली इकडून-तिकडून वाचायच्या असतात आणि डिस्कचा हात सेकंदाला शंभरेक जागा गाठू शकतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. एच६१ चे साटा पोर्ट जुन्या ३ गिगाबिटचे, त्यामुळे एसएसडीचा कमाल वेग तिथे निम्म्यावर येतो. पण रोजच्या कामाला जो फरक लागतो तो शोधण्याच्या वेळेतला, आणि तो जुन्या बोर्डावरही पुरेपूर मिळतो.

मेमरी ८५-९० टक्क्यांवर अडकली असेल तर रॅम हवी. आज ब्राउझर, टॅली आणि एक्सेल एकत्र उघडणाऱ्याला ८ जीबी लागतेच. पण टाकण्याआधी सिस्टीम टाइप (विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट) पाहा. विंडोज ३२-बिट असेल तर ८ जीबी टाकूनही साधारण सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरात येते. अशा मशीनला आधी ६४-बिट विंडोज नव्याने टाकावी लागते.

काही मशीन दोन्ही बाबतींत ठीक असूनही मंद असतात, ती बहुधा गरम होतात. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलेला असतो. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सफाई आणि नवी पेस्ट, एवढ्यानेही वर्ष निघतं. आणि रोज तारीख मागे जाऊन बँकेच्या, जीएसटीच्या साइट "सुरक्षित नाही" म्हणत असतील तर मशीन म्हातारं झालं असं समजू नका. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. बंद करा आणि तशीच आणा. आधी डेटा काढायचा, पुढचा विचार नंतर.

वय बोर्डावर मोजा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या जनरेशनपासून पुढे, एएमडीत रायझन २००० मालिकेपासूनचे बहुतेक. जनरेशन प्रोसेसरच्या नावातच असते: आय५-३४७० म्हणजे तिसरी, आय५-८४०० म्हणजे आठवी, आय३-१०१०० म्हणजे दहावी. पेंटियम आणि सेलेरॉनच्या नावांना हा नियम लागू नाही, त्यांचा फोटो पाठवा.

तुमचं मशीन आठव्या जनरेशनचं किंवा त्यापुढचं असेल तर ते बदलू नका. साटा किंवा एम.२ एसएसडी आणि रॅम एवढ्यात ते अजून बरीच वर्षं काम देईल. विंडोज ११ ची तपासणी "पात्र नाही" म्हणते म्हणून चांगली मशीन लोक विकून टाकतात आणि आम्हाला फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा टीपीएम बायोसमध्ये नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू करायचं, डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीतून जीपीटी या नव्या पद्धतीत बदलायची (फॉरमॅट न करताही हे होतं, पण बॅकअप घेऊनच), मग बूट मोड (मशीन सुरू होण्याची पद्धत) लेगसी म्हणजे जुना असेल तो यूईएफआय म्हणजे नवा करायचा. क्रम उलटा केला तर विंडोज सुरू होत नाही. सुरू झाली नाही तर घाबरू नका. बायोसमध्ये मोड पुन्हा लेगसी करा.

दुसऱ्या ते सातव्या जनरेशनच्या मशीनचा हिशेब कामावर अवलंबून आहे. मुलांचा अभ्यास, टायपिंग, दुकानातलं इंटरनेट नसलेलं बिलिंग यासाठी एक एसएसडी टाकणं पटण्यासारखं आहे. पुढे मशीन बदललं तरी ती एसएसडी नव्यात वापरता येते. बँकिंग, रिटर्न भरणं, ग्राहकांची कागदपत्रं अपलोड करणं असलं काम असेल तर आम्ही बदलायलाच सांगतो. अमान्य मशीनवर विंडोज ११ जुगाडाने चढवता येते, हे आम्हालाही माहीत आहे. व्यवसायाच्या मशीनवर आम्ही ते करत नाही. तिला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हाताने चढवावी लागते. ती चढवताना रिटर्नच्या शेवटच्या तारखेला काही बिघडलं तर तोंडघशी तुम्ही पडता.

कोअर २ ड्युओवर एक रुपयाही घालू नका. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती त्याच्यावर जुगाडानेही सुरू होत नाही, कारण तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीच.

खर्चाची आमची रेषा अशी: वाढवण्याचा एकूण खर्च त्याच तोडीच्या दुसऱ्या मशीनच्या एक-तृतीयांशावर गेला की थांबायचं. जुन्या मशीनचा बोर्डच गेला असेल तर बदला. एच६१ चे नवे बोर्ड बाजारात मिळतात, पण ते घालून तुम्ही जुनंच मशीन नव्या पैशांत घेता. ब्रँडेड मशीनमध्ये आणखी एक अडचण असते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२०, ९०२० यांसारख्या मॉडेलच्या बोर्डाला ८ पिनांचा पॉवर कनेक्टर लागतो, बाजारातल्या एसएमपीएसला (मशीनला वीज देणारा डबा) २४ पिनांचा असतो. त्याचं कन्व्हर्टर मिळतं, पण छोट्या कॅबिनेटात मोठा एसएमपीएस बसेलच असं नाही.

नवं परवडत नसेल तर आठव्या जनरेशनचं रिफर्बिश्ड (वापरलेलं, पण नीट करून विकलेलं) मशीन हा मधला रस्ता आहे. आम्ही ती ठेवतो. कुठूनही घेतलंत तरी तीन गोष्टी समोर दाखवायला सांगा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, चालू टीपीएम आणि डिस्क एकूण किती तास चालली ते. दुकानदाराने टाळाटाळ केली तर घेऊ नका.

बदलण्याआधी हे विसरू नका

टॅली असेल तर फॉरमॅट करण्याआधी किंवा मशीन बदलण्याआधी लायसन्स सरेंडर करा. ते त्या मशीनशी जोडलेलं असतं. आधी फॉरमॅट आणि मग आठवण, असं झालं की नव्या मशीनवर ते लगेच चालू होत नाही आणि दिवस वाया जातो. डॉसवरचं फॉक्सप्रोचं बिलिंग ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही, कारण १६-बिट प्रोग्रॅम तिथे उघडतच नाहीत. काही औषधांच्या दुकानांत अजून ते आहे, त्यांनी आधी आमच्याशी बोलावं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल केबलवर असेल तर नवा बोर्ड घेताना ते सांगा. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डाँगलवर (मशीनला लावायची लायसन्सची किल्ली) चालत असेल तर डाँगल मशीनसोबत आणा, नव्यावर चालतं का ते लावूनच पाहतो.

तपासणीचे आम्ही वेगळे पैसे घेतो, ते काम आमच्याकडे केल्यास बिलातून वळते होतात. ही फी काहींना खटकते. पण डिस्कची पूर्ण तपासणी, रॅमची रात्रभराची चाचणी आणि तापमान पाहणं यात मशीन एक दिवस आमच्या टेबलावर असतं, आणि शेवटी "यावर खर्च करू नका" असंही आम्ही सांगतो. बाहेरून आणलेला पार्टही लावून देतो, फक्त त्या पार्टची हमी आम्ही घेत नाही.

येताना नुसता सीपीयू आणा. मॉनिटर, कीबोर्ड, वायरी घरीच ठेवा. विंडोजचा पासवर्ड कागदावर लिहून आणा. काढलेली जुनी हार्ड डिस्क आम्ही तुमच्याच हातात देतो. नव्या मशीनवर सगळ्या फायली उघडून पाहीपर्यंत, निदान महिनाभर, ती फॉरमॅट करू नका आणि कुणाला देऊही नका.