पिन बसते, पण लॅपटॉप चार्ज होत नाही

२८ एप्रिल २०२६ ही तारीख युरोपियन संघाने लॅपटॉप उत्पादकांना बरीच आधी देऊन ठेवली होती. त्या दिवसापासून तिथे विक्रीला येणारा नवा लॅपटॉप टाइप-सीवरून चार्ज झालाच पाहिजे; फोन, टॅबलेट आणि कॅमेऱ्यांवर हीच सक्ती २८ डिसेंबर २०२४ पासून आली. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने घेतलेल्या बैठकीत उत्पादकांनी फोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी टाइप-सीला मान्यता दिली, आणि पाठोपाठ भारतीय मानक ब्युरोने त्याचं मानकही काढलं. सगळ्यांना चालणारी एकच पिन. कागदावर प्रश्न मिटला.

घरात मात्र तो रोज नव्याने उभा राहतो. फोनसोबत आलेला '६५ वॅट'चा चार्जर लॅपटॉपला लावावा तर दिवाच लागत नाही. दुसरा लावला की 'स्लो चार्जर' अशी सूचना येते. तिसरा व्यवस्थित चालतो, पण केबल बदलली की तोही ढेपाळतो. दुकानदार म्हणतो, 'ओरिजिनलच घ्या'. सल्ला चुकीचा नाही, पण त्यातून कारण काही कळत नाही. कारण असं, की पिनचा आकार २०१४ साली एकदाच ठरला, पण तिच्यातून वीज मागायची कशी आणि द्यायची किती, हे त्याच्या आधीपासून आणि नंतरही बरीच वर्षं तुकड्यातुकड्याने ठरत गेलं. आपल्या ड्रॉवरमध्ये या सगळ्या वर्षांचा माल एकत्र पडलेला असतो.

यूएसबी मुळात वीज पुरवायला जन्मालाच आली नव्हती. १९९६ च्या पहिल्या मानकात माउस, कीबोर्ड, प्रिंटर यांच्यासाठी संगणकाच्या मागे-पुढे दिसणारी जुनी पोर्टं काढून एकच पोर्ट आणायचा हेतू होता. हे काम करणाऱ्या इंटेलच्या गटात बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते. उलटसुलट कसाही लागणारा प्लग तेव्हा का केला नाही, असं त्यांना पुढे अनेकदा विचारलं गेलं; तारा आणि खर्च दोन्ही वाढले असते, हे त्यांचं उत्तर. माउसला पुरेल एवढी वीज त्या पोर्टात होती: ५ व्होल्ट आणि मागितल्यास जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे (व्होल्ट गुणिले अँपिअर) अडीच वॅट. लॅपटॉपला ४५ ते ९० वॅट लागतात. हे अंतर कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग मोबाइल आले आणि लोकांनी अडीच वॅटवर फोन चार्ज करायला सुरुवात केली. २०१० पर्यंत बॅटरी चार्जिंगचं वेगळं मानक आलं. त्यातली युक्ती साधी होती. चार्जरने डेटाच्या दोन तारा आतल्या आत एकमेकींना जोडायच्या. फोनला ते जाणवलं की तो दीड अँपिअरपर्यंत ओढायचा. त्याहून जास्त हवं असलेल्या कंपन्यांनी मात्र आपापल्या वाटा काढल्या. मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने डेटाच्या तारांवरून इशारे करून व्होल्टेज वाढवायची पद्धत आणली. ओप्पोने २०१४ मध्ये नेमकं उलट केलं: व्होल्टेज कमी ठेवून अँपिअर वाढवले. आज फोनच्या खोक्यावर दिसणारे मोठमोठे वॅटचे आकडे बहुतेक या घराण्यांतले आहेत. ओप्पोच्या ६५ वॅटच्या पद्धतीत १० व्होल्ट आणि साडेसहा अँपिअर असतात. ते फक्त त्याच कंपनीचा फोन आणि तिचीच केबल समोर असेल तर मिळतात. लॅपटॉप हवे असलेले २० व्होल्ट मागतो, आणि असे कित्येक चार्जर हात वर करतात. काही उत्पादकांनी नंतर अशा चार्जरमध्ये लॅपटॉपला समजणारी सोयही घातली, पण ती खोक्यावरच्या आकड्याइतकी मोठी नसते. शिवाय चार्जरच्या बाजूला जुनं चौकोनी यूएसबीचं तोंड असेल, तर टाइप-सीची वीज-बोलणी त्या केबलमधून होतच नाहीत. तिथे लॅपटॉपची आशा सोडून द्यावी.

लॅपटॉपच्या बाजूला वेगळाच बाजार होता. गोल पिनचे चार्जर, १९ किंवा २० व्होल्टच्या आसपास, पण पिनचा व्यास प्रत्येक कंपनीचा निराळा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ज्यांनी 'युनिव्हर्सल अडॅप्टर' घेतला असेल, त्यांना त्यासोबत मिळणारी टोकांची पिशवी आठवत असेल. डेलने आपल्या पिनच्या मध्ये एक बारीक तिसरी तार घातली होती. चार्जरमधली छोटी चिप त्या तारेवरून लॅपटॉपला 'मी इतक्या वॅटचा' असं सांगायची. ती तार तुटली की वीज यायची, लॅपटॉप चालायचा, पण अडॅप्टर ओळखता येत नाही असं सांगून बॅटरी भरायला नकार द्यायचा. चार्जरची ओळख पटल्याशिवाय बॅटरी भरायची नाही, हा लॅपटॉपचा स्वभाव टाइप-सीच्या आधीचा आहे.

या दोन बाजारांना जोडण्याचा पहिला प्रयत्न २०१२ मध्ये झाला. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, रोजच्या बोलण्यात पीडी, याची पहिली आवृत्ती जुन्याच प्लगमधून १०० वॅटपर्यंत वीज देऊ पाहत होती. त्यासाठीची बोलणी थेट विजेच्या तारेवरूनच व्हायची. तंत्र किचकट होतं, खर्चिक होतं, आणि जवळजवळ कुणी वापरलंच नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सी आणि पीडीची दुसरी आवृत्ती सोबत आल्या, आणि इथे खरा बदल झाला. २४ संपर्कबिंदूंच्या या पिनमध्ये फक्त ओळखपाळखीसाठी दोन जागा राखल्या गेल्या: सीसी-१ आणि सीसी-२. वीज घेणाऱ्या उपकरणाने या दोन्हींवर ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा सुटा भाग, लावायचा. चार्जरला तो दिसला तरच तो ५ व्होल्ट सोडतो. त्याआधी तोंड थंड असतं. जुन्या चौकोनी यूएसबीत ५ व्होल्ट कायम उभेच असायचे. ट्रिमर किंवा स्वस्तातला दिवा जुन्या चार्जरवर चालतो आणि नव्या टाइप-सी चार्जरवर मेलेला दिसतो, तो बहुतेक वेळा याच रेझिस्टरपायी: उत्पादकाने काही पैसे वाचवलेले असतात. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरली तरी हा रेझिस्टर दिसत राहिला पाहिजे, अशी तरतूद मानकात आहे. सीसीची जागा दोन ठिकाणी असण्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. पोर्टात कचरा अडकून एक बिंदू टेकेनासा झाला, तर पिन उलटी करून लावल्यावर चार्जिंग सुरू होऊ शकतं. असं झालं तर दोष चार्जरचा नाही, पोर्ट साफ करायला हवा.

एकदा ५ व्होल्ट आले की त्याच सीसी तारेवरून पीडीचं संभाषण सुरू होतं. चार्जर आपल्याकडचे पर्याय वाचून दाखवतो, लॅपटॉप त्यांतला एक निवडतो, चार्जर होकार देतो आणि मग व्होल्टेज बदलतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याच्या वेळात होतं. संभाषण जमलं नाही तर ५ व्होल्टवरच थांबायचं, ज्याचा लॅपटॉपला फारसा उपयोग नसतो.

मार्च २०१५ मध्ये दोन लॅपटॉप एकाच आठवड्यात जाहीर झाले आणि हे सगळं प्रत्यक्षात आलं: ॲपलचा १२ इंची मॅकबुक, ज्याला चार्जिंगसाठी एकच टाइप-सी पोर्ट आणि २९ वॅटचा चार्जर होता, आणि गूगलचा क्रोमबुक पिक्सेल, ज्याला असे दोन पोर्ट आणि ६० वॅटचा चार्जर होता. बाजार तयार नव्हता. विशेषतः केबलचा बाजार. एका टोकाला जुना चौकोनी प्लग आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशा केबलमध्ये ५६ किलोओहमचा रेझिस्टर घालायचा असतो. त्यावरून उपकरणाला कळतं की पलीकडे जुना, अशक्त पोर्ट आहे. अनेकांनी तिथे १० किलोओहमचा घातला. त्याचा अर्थ होतो 'तीन अँपिअर खुशाल ओढा'. पलीकडच्या पोर्टाची तेवढी ताकद आहे की नाही, हे कुणी पाहतच नव्हतं.

गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग यांनी २०१५ च्या अखेरीस ॲमेझॉनवरून अशा केबल विकत घेऊन एकेक तपासायला आणि निकाल जाहीर लिहायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा पिक्सेल लॅपटॉपच जाळला. तिच्यात विजेची आणि ग्राउंडची तार चक्क अदलाबदल करून जोडली होती. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने मानक न पाळणाऱ्या टाइप-सी केबलच्या विक्रीवर बंदी घातली. माझ्या मते टाइप-सीच्या इतिहासात मानकं लिहिणाऱ्या समित्यांइतकंच श्रेय या एकट्या माणसाच्या चिकाटीला द्यायला हवं. केबल ही नुसती तार नसून व्यवहारातला तिसरा पक्ष आहे, हे लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तो पक्ष किती बोलका असतो, हे ६० वॅटच्या मर्यादेवरून दिसतं. तीन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह न्यायचा असेल तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते. ती नसेल तर १०० वॅटचा चार्जरही तीनच अँपिअर देतो. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, झाले ६०. दोष नाही, बिघाड नाही, फक्त सावधगिरी. महागडा चार्जर घेऊनही लॅपटॉप कूर्मगतीने भरत असेल तर पहिला संशय केबलवर घ्यावा, कारण फोनसोबत आलेली केबल बहुधा याच पठडीतली असते. चिपमुळे उलटी गंमतही झाली. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात दोन्ही सीसी बिंदूंसाठी मिळून एकच रेझिस्टर लावला होता. साध्या केबलने तो चालायचा. ई-मार्कर असलेली चांगली, महाग केबल लावली की चार्जरला वाटायचं समोर हेडफोनचं अडॅप्टर आहे, आणि तो वीजच देत नसे. पुढच्या बोर्डांत ही चूक सुधारली गेली.

व्होल्टेजच्या पायऱ्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. सुरुवातीच्या पीडीमध्ये ५, १२ आणि २० व्होल्टचे साचे होते. नंतर नियम बदलून ५, ९, १५ आणि २० अशी शिडी ठरली, आणि किती वॅटच्या चार्जरने कुठली पायरी दिलीच पाहिजे हेही ठरलं. या नियमात एक खाचखळगा आहे, ज्यात लोक आजही पडतात. ४५ वॅटच्या चार्जरने १५ व्होल्ट आणि ३ अँपिअर दिले की नियम पुरा होतो. २० व्होल्टची पायरी त्याच्यावर बंधनकारक नाही. काही लॅपटॉप मात्र २० व्होल्टच घेतात. म्हणून ४५ वॅटचे दोन चार्जर, दोन्ही नियमातले, आणि त्यांतला एकच तुमच्या लॅपटॉपला चालतो, असं होऊ शकतं. ॲपलच्या ६१ आणि ८७ वॅटच्या चार्जरनी याच्या उलट केलं: ९ वरून थेट २० च्या थोडं वर, मधली १५ ची पायरीच नाही. मॅकबुकला ती नको होती. १५ व्होल्टवर बसलेल्या इतर उपकरणांचं मात्र अडलं.

यावर उपाय सोपा आहे आणि तो चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. पुढच्या बाजूचा मोठा वॅटचा आकडा सोडून 'आउटपुट'ची ओळ वाचावी. तिथे २० व्होल्ट लिहिलेले आहेत का, आणि त्यासमोर अँपिअर किती, एवढं पाहावं. दोन-तीन तोंडांच्या चार्जरवर प्रत्येक तोंडाची ओळ वेगळी असते, आणि दोन तोंडं एकदम वापरली तर काय उरतं तेही लिहिलेलं असतं. अशा चार्जरला लॅपटॉप लावलेला असताना शेजारी फोन जोडला की क्षणभर लॅपटॉपचं चार्जिंग तुटतं आणि पुन्हा सुरू होतं. चार्जर वाटणी नव्याने करून पुन्हा बोलणी करतो, म्हणून. त्यात लॅपटॉपच्या वाट्याला ६५ ऐवजी ४५ आले तर वर सांगितलेला खळगा पुन्हा समोर.

१०० वॅटच्या वर बराच काळ नियमच नव्हता. पोकळी भरायला डेलने २० व्होल्ट आणि साडेसहा अँपिअरचा, म्हणजे १३० वॅटचा स्वतःचा टाइप-सी चार्जर काढला. मानकात पाच अँपिअरच्या वर काही नाही. त्यामुळे असा डेल लॅपटॉप दुसऱ्या कंपनीच्या १०० वॅटच्या चार्जरवर चालतो, पण कमी वॅटच्या अडॅप्टरबद्दल कुरकुर करतो. मे २०२१ मध्ये पीडी ३.१ आलं आणि २८, ३६, ४८ व्होल्टच्या पायऱ्या वाढून मर्यादा २४० वॅटवर गेली. त्याच वर्षी ॲपलच्या १६ इंची मॅकबुक प्रोसोबत १४० वॅटचा चार्जर मिळाला. मात्र पूर्ण १४० वॅट त्या लॅपटॉपच्या मॅगसेफ या ॲपलच्या स्वतःच्या, चुंबकाने चिकटणाऱ्या पोर्टातूनच जात. शेजारच्या टाइप-सी पोर्टांची धाव १०० पर्यंत. त्याच सुमारास केबलवर ६० किंवा २४० असा वॅटचा आकडा दाखवणारी अधिकृत चिन्हं आली. घेताना ती शोधावीत.

पोर्टांचा घोळ सर्वांत उशिरा हाताळला गेला. एकाच लॅपटॉपच्या दोन सारख्या दिसणाऱ्या टाइप-सी तोंडांपैकी एक चार्जिंग घेतं आणि दुसरं फक्त डेटापुरतं असतं, हे नियमबाह्य नव्हतं. शेजारी छापलेलं प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह एवढाच काय तो संकेत, आणि तोही प्रत्येक कंपनी छापतेच असं नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या प्रमाणपत्राच्या अटी कडक करून लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सी पोर्टाला डेटा, डिस्प्ले आणि चार्जिंग तिन्ही आलं पाहिजे असं ठरवलं. आधी विकलेल्या यंत्रांना ही अट अर्थातच लागू नाही. त्यांच्यासाठी उत्पादकाच्या संकेतस्थळावरचं मॉडेलचं पान हाच आधार. आणि ज्या गेमिंग लॅपटॉपना २८० किंवा ३३० वॅट लागतात, त्यांच्याजवळ गोल किंवा चौकोनी पिनचा जुना वजनदार चार्जर अजूनही आहेच.