टाच दुखते, पण वाढलेल्या हाडामुळं नाही

सोलापुरात यंत्रमागावर पाळीभर फरशीवर उभं राहणाऱ्याची टाच दुखायला लागली की एक्स-रे निघतो. टाचेच्या हाडाला पुढं चोचीसारखं टोक दिसतं आणि ‘हाड वाढलंय’ म्हटल्यावर घरच्यांना ऑपरेशनची धास्ती बसते. बहुतेकांची ही धास्ती विनाकारण असते.

ते टोक जमिनीकडं रोखलेलं नसतंच. ते बोटांच्या दिशेनं आडवं वाढतं. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते सापडतं, आणि दुखण्यानं हैराण झालेल्या अनेकांच्या नाही. दुखणं पूर्ण थांबलं तरी टोक तिथंच असतं.

दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा, प्लांटार फॅशिया. टाचेला आतल्या बाजूनं तो चिकटतो तिथं रोजच्या ताणानं झिजतो, जाड होतो. सोनोग्राफीत बहुधा 4 मिलिमीटरच्या वर भरतो. रात्री पाऊल सैल पडून पट्टा आखडतो, म्हणून सकाळी पहिलं पाऊल टाकलं की कळ मस्तकात जाते. चार पावलं चाललं की ओसरते, पाळी संपताना पुन्हा येते.

अंथरुणातच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि बोटं नडगीकडं ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळवा चाचपा: पट्टा दोरीसारखा ताठ लागला तरच ताण बरोबर बसलाय. 10 सेकंद धरा, 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. सोबत एक दिवसाआड पायरीच्या कडेवर चवड्यानं उभं राहा, बोटांखाली गुंडाळलेला सोलापुरी टॉवेल ठेवा. 3 सेकंदांत टाच उचला, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली सोडा. असं 12 वेळा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि पंधरा दिवसांत कंटाळून सोडणारेच जास्त. घरातही अनवाणी फिरू नका, जाड तळाची चप्पल घाला. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण वारंवार घेतलं तर पट्टा तुटू शकतो.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ आली तर हाडाला चीर गेलेली असू शकते. तरुणपणी दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही ताठत असेल, तर संधिवाताची तपासणी हवी. मधुमेहानं पाय बधिर असतील त्यांनी तापवलेल्या विटेचा शेक अजिबात घेऊ नये. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.