पेबलचं सातवं आणि ट्रूनचं आठवं: दोन्ही आखूड, पण भानगड वेगळी

नागपुरात गोल्फ पाहणारे तसे मोजकेच, पण जे आहेत त्यांच्यात हा घोळ नेहमीच होऊन राहिला. पेबल बीच या गोल्फ कोर्सचं सातवं होल आणि रॉयल ट्रून या दुसऱ्या कोर्सचं आठवं होल, एकाचा किस्सा दुसऱ्याच्या नावावर बिनधास्त खपवतात. घोळ होणारच म्हणा, दोन्ही पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायची होलं, दोन्ही समुद्राकाठच्या कोर्सवरचे, दोन्हीकडे टी (पहिला फटका मारायची जागा) उंचावर आणि ग्रीन (झेंडा असतो ती गुळगुळीत हिरवळ) रुमालाएवढं, टीव्हीवर पाहणाऱ्याला काय फरक कळणार.

आधी पेबल. कॅलिफोर्नियात पॅसिफिकच्या काठावर १९१९ मध्ये सुरू झालेला कोर्स, त्याचं हे सातवं होल जेमतेम १०६ यार्डांचं. उजवीकडे अन् मागे खडक, त्याच्या खाली थेट समुद्र. हवा पडलेली असेल त वेज (बॉल उंच उडवून जवळच टाकायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) काढायचा, अलगद उचलून टाकायचा, संपलं, चांगल्या खेळाडूला बर्डीचा, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी लागायचा, चान्स. पण समोरून हवा सुटली की तेच १०६ यार्ड कुठल्या कुठे जातात. १९९२ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी तुफान वारा होता, टॉम काइटने इथे सहा नंबरचं आयर्न काढलं, म्हणजे प्रो माणूस एरवी ज्याने दीडशेच्या वर यार्ड मारतो तो क्लब. तरी बॉल ग्रीनच्या डावीकडेच गेला, अन् तिथून त्याने चिप करून, म्हणजे छोटासा फटका उचलून, थेट होलमध्ये घातला. बर्डी! स्पर्धाही त्यानेच जिंकली.

आता कोणी म्हणेल वेजच जोरात का नाही मारायचा. तिथेच त गंमत आहे भाऊ. जोरात मारलं की बॉलवर बॅकस्पिन (उलटी फिरकी) वाढते, समोरच्या हवेत तो बॉल पुढे जायच्या ऐवजी वर वर चढत जातो अन् मग दगडासारखा खाली. वरून हे होल उताराचं, बॉल हवेत जास्त वेळ राहणार, म्हणजे वाऱ्याला त्याला ढकलायला जास्त वेळ. म्हणून मोठा क्लब घ्यायचा, अर्धा-पाऊण स्विंग, बॉल कमी उंचीवरून न्यायचा. थोडक्यात पेबलला सगळा प्रश्न क्लब कोणता काढायचा हा आहे.

ट्रून स्कॉटलंडमध्ये. तिथलं आठवं १२३ यार्डांचं, ब्रिटिश ओपन ज्या कोर्सेसवर होते त्यातलं सगळ्यात आखूड, नाव पोस्टेज स्टॅम्प. समुद्र जवळच आहे पण बॉल समुद्रात जायची भीती इथे नाही, हे लोक विसरतात. टीवरून मध्ये एक घळ, पलीकडे वाळूच्या टेकडीच्या अंगाला खोदून काढलेलं लांबट, अरुंद ग्रीन, आणि भोवती पाच बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. त्यातल्या एकाचं नाव कॉफिन, म्हणजे शवपेटी, यावरून काय ते समजा. क्लब बरोबर काढला पण बॉल थोडा डावी-उजवीकडे गेला की खोल बंकरात, अन् तिथून जरा जोरात मारला की ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरात. १९५० च्या ओपनमध्ये हर्मन टिसीस नावाच्या जर्मन हौशी खेळाडूला या होलवर १५ फटके लागले, पंधरा! १९९७ मध्ये टायगर वूड्सलाही इथे ६ लागले. आणि १९७३ मध्ये ७१ वर्षांच्या जीन साराझेनने पाच नंबरच्या आयर्नने होल-इन-वन मारला, म्हणजे पहिल्याच फटक्यात बॉल होलमध्ये, दुसऱ्या दिवशी बंकरात गेला तर बंकरातूनच थेट होलमध्ये, म्हणजे दोन दिवसांत तीन फटके आणि पटर (ग्रीनवर बॉल ढकलायचा क्लब) काढलाच नाही.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. आपल्या इकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत जो क्लब जेवढा जातो तेवढा तिकडे जाणार नाही, थंड हवा दाट असते, बॉलला जास्त अडवते. समुद्राच्या दमट हवेने बॉल जड होतो वगैरे जे लोक सांगतात त्यात दम नाही, दमट हवा उलट किंचित हलकी असते, सगळा खेळ थंडीचा आहे.

अवघड कोणतं विचाराल त माझं मत ट्रून. पेबलला हवा शांत असली की होल गरीब गाय होऊन जातं, ट्रूनचे बंकर मात्र हवा असो-नसो जागेवरच असतात, फक्त झेंड्याकडे न पाहता ग्रीनच्या मध्यावर मारायचं एवढाच उपाय. फोटोसाठी अर्थात पेबलच, त्यात वाद नाही. तिथे कोणालाही बुकिंग करून खेळता येतं, पण एका राउंडचे सहाशे डॉलरच्या वर मोजावे लागतात, अन् एवढे पैसे देऊन हवा पडलेली निघाली त सातव्यावर आपला नुसता वेजचा फटका.