एसेक्स ते क्लोंडाइक : अमेरिकन साहसकथांमागची खरी माणसं

२० नोव्हेंबर १८२० रोजी पॅसिफिक महासागरात, किनाऱ्यापासून हजारो मैल आत, एका प्रचंड देवमाशाने ‘एसेक्स’ या जहाजाला दोनदा धडक दिली. हे जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या नॅन्टकेट बेटावरचं, देवमासे मारून त्यांचं तेल आणणारं. त्या तेलावर तेव्हा शहरांतले दिवे जळत. जहाज पाण्याने भरून कलंडलं आणि २० माणसं ३ लहान होड्यांत उरली.

त्यातल्या त्यात जवळची बेटं पश्चिमेला होती. कप्तान जॉर्ज पोलार्डचा कल तिकडेच होता. पण तिथे नरभक्षक राहतात, अशी धास्ती ओवेन चेस या त्याच्या मुख्य सहायकाला आणि इतरांना वाटत होती. अखेर होड्या वाऱ्याच्या विरुद्ध दक्षिण अमेरिकेकडे निघाल्या. पुढच्या ३ महिन्यांत त्यांच्यावर मेलेल्या सोबत्यांचं मांस खायची पाळी आली. पोलार्डच्या होडीत तर कोणाला मारायचं हे ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. नाव निघालं ओवेन कॉफिनचं. हा कोवळा मुलगा कप्तानाच्याच नात्यातला होता. २० पैकी ८ जण वाचले.

चेस घरी परतला आणि १८२१ सालीच त्याची हकिगत पुस्तकरूपाने छापली गेली. अमेरिकन साहसकथेचा उगम मला या पुस्तकात दिसतो. इंग्लंडमधला रॉबिन्सन क्रूसो १७१९ पासून लोकांच्या ओळखीचा होता, पण तो लिहिणारा डीफो खलाशी नव्हता आणि त्याचा नायक शेवटी बेटाचा धनी होतो. अमेरिकेत मात्र लेखणी धरणारे हात बहुतेक वेळा वल्ही मारून आणि ओझी वाहून आलेले होते. या कथांमध्ये भूक आणि थंडी इतकी खरी वाटते, ती त्यामुळेच.

रिचर्ड हेन्री डेना हार्वर्डचा विद्यार्थी. गोवराने दृष्टी अधू झाली म्हणून शिक्षण थांबवून तो १८३४ साली साधा खलाशी होऊन निघाला. साध्या खलाशाचं जिणं त्याने १८४० साली त्याच खलाशाच्या नजरेतून मांडलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८४१ मध्ये, हर्मन मेलव्हिल ‘अकुश्नेट’ या शिकारी जहाजावर चढला. भर समुद्रात दुसऱ्या जहाजावर त्याला चेसचा मुलगा भेटला आणि त्याने बापाचं पुस्तक मेलव्हिलला वाचायला दिलं. जिथे एसेक्स बुडालं, त्याच्या आसपासच्या पाण्यात ते वाचताना आपल्यावर विलक्षण परिणाम झाला, असं मेलव्हिलने पुढे नोंदवून ठेवलं आहे. १८५१ साली एका देवमाशावर सूड उगवू पाहणाऱ्या कप्तानाची त्याची कादंबरी ‘मोबी डिक’ आली. मेलव्हिल आपली कादंबरी जहाज बुडतं तिथे संपवतो. चेसची खरी यातना तिथून सुरू होते. मेलव्हिलला जगण्याच्या धडपडीपेक्षा माणसाच्या सूडाचा हट्ट मोठा वाटला. तो त्याचा अधिकार, पण उपासमारीची ती पानं ज्याने वाचली नाहीत, त्याला या परंपरेचा अर्धाच भाग कळतो असं मी म्हणेन. कादंबरी तेव्हा फारशी खपली नाही. मेलव्हिलच्या मृत्यूनंतर, १९२० च्या दशकात तिची थोरवी लोकांच्या लक्षात आली.

जानेवारी १८९७ मध्ये फ्लोरिडाजवळ ‘कमोडोर’ जहाज बुडालं. त्यावर असलेला पत्रकार स्टीफन क्रेन तिघांसोबत चिमुकल्या होडीत दीड दिवस लाटांशी झुंजला आणि चौघांपैकी एक जण किनाऱ्याशी येऊन बुडाला. क्रेनने आधी वर्तमानपत्रासाठी बातमी लिहिली, मग त्याच वर्षी कथा. समुद्राला माणसाशी वैरही नाही आणि मायाही नाही, हे त्याने ज्या थंडपणे लिहिलं, तसं आधी कोणी लिहिलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कॅनडाच्या वायव्य टोकाच्या क्लोंडाइक भागातलं सोनं घेऊन पहिली जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली. २१ वर्षांचा जॅक लंडन, पुढे नावाजलेला लेखक, लगेच उत्तरेला निघाला. तोवर त्याने डबाबंद खाद्याच्या कारखान्यात काम केलं होतं आणि १८९३ साली सीलची शिकार करणाऱ्या जहाजावरून जपानच्या किनाऱ्यापर्यंतचा प्रवासही केला होता. वाटेतली चिलकूट खिंड चढताना सामान पाठीवर घेऊन पुन्हापुन्हा खेपा घालाव्या लागत. पुढे तर वर्षभराचा, म्हणजे जवळपास टनभर, शिधा असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस कोणाला पुढे सोडेनात. लंडनने स्टुअर्ट नदीजवळच्या ओंडक्यांच्या खोपटात हिवाळा काढला. ताजं अन्न नव्हतं, त्याला स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजवणारा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाली. १८९८ च्या उन्हाळ्यात तो होडीने युकॉन नदी उतरून परतला, तेव्हा हाती सोनं जवळजवळ नव्हतं. सोन्याच्या शोधातल्या लोकांच्या डॉसन गावात बाँड बंधूंच्या कुत्र्याशी त्याची गट्टी जमली होती. १९०३ च्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीतला बक हा कुत्रा त्याच्यावरूनच आला.

बर्फात शेकोटी पेटवू पाहणाऱ्या माणसाची कथा लंडनने दोनदा लिहिली. १९०२ साली मुलांच्या नियतकालिकात आलेल्या कथेतला माणूस वाचतो आणि एकट्याने प्रवास करू नये हा धडा घेतो. १९०८ च्या कथेत उणे ७५ अंश फॅरनहाइट थंडी आहे, सोबतीला एक कुत्रा आहे आणि माणूस मरतो. उपदेश गळून पडला आणि कथा मोठी झाली.

अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेने असाच बदल केला, पण उलट दिशेने. एप्रिल १९३६ मध्ये त्याने एका मासिकात क्यूबातल्या म्हाताऱ्या कोळ्याची हकिगत काही ओळींत लिहिली होती. त्याच्या गळाला लागलेल्या मार्लिन या प्रचंड माशाने होडी खोल समुद्रात ओढत नेली, शार्कांनी निम्म्याहून अधिक मासा खाल्ला आणि २ दिवसांनी इतर कोळ्यांना तो सापडला, तेव्हा तो रडत होता, अर्धा वेडा झाला होता. १९५२ च्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या कादंबरीत हेमिंग्वेने त्याला कोणाच्याही मदतीशिवाय घरी आणलं. पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेल्या ‘एका कोळियाने’मधला म्हातारा तो हाच.