नाक व नासागुहा (सस्तन प्राण्यांतील)

नाकपुड्यांपासून घशाच्या वरच्या भागापर्यंत गेलेली, श्वासाची ये-जा होणारी कवटीतली पोकळी म्हणजे नासागुहा. चेहऱ्यावर दिसते ते नाक हा तिचा केवळ दरवाजा. बैलाची किंवा घोड्याची कवटी मधोमध उभी कापून पाहिली की लक्षात येते, की डोळ्यांच्या पुढचा तो लांबलचक चेहरा म्हणजे वर नाक आणि खाली तोंड, मध्ये तालूची एक फळी. आत येणारी हवा गरम करणे, ओली करणे, गाळणे, बाहेर जाताना तिच्यातली ऊब व पाणी परत घेणे आणि वास ओळखणे ही नासागुहेची कामे. पाठ्यपुस्तके वासाला पहिला मान देतात. गाय, घोडा, उंट यांच्या कवटीत मात्र जास्त जागा हवेच्या मशागतीला दिलेली आहे. वासाचे दालन मागे, वरच्या कोपऱ्यात आहे.

बाह्य नाक : नाकपुड्यांभोवतीच्या केसविरहित कातडीची तऱ्हा प्राण्यागणिक वेगळी. गाई-म्हशींत ती वरच्या ओठाला जोडून रुंद मुस्कट बनते. त्याखाली दाटीने ग्रंथी असतात आणि निरोगी जनावराच्या मुस्कटावर त्यांच्या स्रावाचे थेंब सतत दिसतात. मुस्कट कोरडे पडले की शेतकरी जनावराला ताप आहे असे ओळखतो, आणि बहुधा तो बरोबर असतो. हाच नियम कुत्र्याला लावणे चुकीचे. कुत्र्याच्या नाकाच्या शेंड्याच्या कातडीत अशा ग्रंथी नसतात. तिथला ओलावा नाकाच्या आतल्या ग्रंथींचा, अश्रूंचा आणि चाटण्याचा असतो. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचे नाकही कोरडे असू शकते. कुत्र्याचा हा ओला शेंडा आसपासच्या हवेपेक्षा थंड राहतो, आणि दुरून येणारी अगदी मंद उष्णताही त्याला जाणवते, असे २०२० मध्ये स्वीडन व हंगेरीतील संशोधकांनी दाखवले.

गाईच्या मुस्कटावरचे उंचवटे व रेघा प्रत्येक जनावरात वेगळ्या असतात. बोटांच्या ठशांप्रमाणे त्यांचा उपयोग ओळखीसाठी करता येतो, ही कल्पना अमेरिकेत १९२२ मध्ये मांडली गेली. कानातला बिल्ला काढता किंवा बदलता येतो, मुस्कट बदलता येत नाही. त्यामुळे पशुविम्यासाठी मुस्कटाचे छायाचित्र घेण्याची पद्धत भारतातही सुरू झाली आहे.

डुकराच्या नाकाच्या शेंड्यात एक स्वतंत्र छोटे हाड असते, म्हणून ते नाकाने जमीन उकरू शकते. घोड्याच्या नाकपुड्या मऊ व रुंदावणाऱ्या. नाकपुडीच्या वरच्या अंगाला बोट घातले तर ते एका बंद पिशवीत जाऊन अडते. हिला खोटी नाकपुडी म्हणतात. घोड्याला नाकातून पोटात नळी घालताना नवशिक्याची नळी हमखास इथे अडकते. खालच्या अंगाला, नाकपुडीच्या तळाशी, डोळ्यातून पाणी वाहून आणणाऱ्या नळीचे भोक घोड्यात नुसत्या डोळ्यांनी दिसते.

पडदा व गुंडाळ्या : नासागुहेचे उजवे व डावे असे दोन भाग करणारा पडदा पुढे कूर्चेचा, म्हणजे मऊ व लवचिक हाडाचा, आणि मागे पक्क्या हाडाचा असतो. नाकपुड्यांच्या अगदी जवळ, कूर्चा सुरू होण्यापूर्वी, तो नुसत्या कातडीचा व मऊ असतो. बैलाची वेसण इथूनच ओवतात. टोचणाऱ्याच्या अंगठ्याला आणि बोटाला ती मऊ जागा आधी चाचपावी लागते. वेसण मागे सरकून कूर्चेतून गेली तर जखम लवकर भरत नाही. एवढ्या मोठ्या जनावराला एका दोरीने वळवता येते याचे कारण ताकद नसून त्या जागेतले दाट मज्जातंतू आहेत.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बाहेरच्या भिंतीपासून आत आलेली, कागदासारख्या पातळ हाडांची वळकटी केलेली असते. यांना शंखास्थी म्हणतात. जवळून पाहिले तर जिलबीचे वेढे किंवा सुरनळी केलेली चटई आठवते. त्यांवर ओलसर श्लेष्मकलेचे, म्हणजे बुळबुळीत स्राव (श्लेष्मा) सोडणाऱ्या पातळ त्वचेचे, अस्तर आणि त्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. खालच्या व वरच्या गुंडाळ्या श्वासाच्या वाटेत येतात. मागच्या, झर्झरास्थीला (नाक व मेंदू यांमधल्या हाडाला) चिकटलेल्या गुंडाळ्या वासाच्या. हवा सरळ बोगद्यातून न जाता अरुंद फटींतून जाते, त्यामुळे तिचा प्रत्येक थर ओल्या, उबदार भिंतीच्या जवळून जातो. धूळ व जंतू श्लेष्म्यात अडकतात. अस्तरावरील सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका तो थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे लोटतात आणि प्राणी तो गिळून टाकतो. आपण ज्याला शेंबूड म्हणतो तो या थराचा वाट चुकलेला थोडासा भाग.

श्लेष्मकलेखालच्या शिरा फुगतात व आक्रसतात. त्यामुळे काही तास एक नाकपुडी मोकळी व दुसरी थोडी बंद राहते, नंतर उलट होते. जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये माणसातल्या या चक्राचे वर्णन केले. ससा, उंदीर आणि डुक्कर यांच्यातही ते आढळले आहे. आपल्याकडे स्वरोदय, म्हणजे नाकपुड्यांतल्या श्वासावरून भाकीत करण्याची विद्या, जाणणाऱ्यांनी डाव्या नाकपुडीच्या श्वासाला चंद्रस्वर व उजव्याला सूर्यस्वर अशी नावे देऊन या पाळ्यांची नोंद फार पूर्वी ठेवली होती. स्वरावरून ते जी शुभाशुभ फळे सांगत ती शरीरशास्त्रात बसत नाहीत, निरीक्षण मात्र खरे होते.

ऊब व पाण्याचा हिशेब : गुंडाळ्यांचे खरे कसब उच्छ्वासात दिसते. आत येणारी कोरडी हवा श्लेष्मकलेतून उष्णता व पाणी घेते, त्यामुळे श्लेष्मकला गार होते. फुप्फुसातून परतणारी हवा शरीराइतकी उबदार, म्हणजे गाईत ३८ ते ३९ अंश सेल्सियस, आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते. ती गार झालेल्या भिंतींना घासून जाताना तिचे काही बाष्प तिथेच द्रवरूप होते. म्हणजे श्वास घेताना दिलेले उसने श्वास सोडताना वसूल होते. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू उंदीर पाणी जवळजवळ पीतच नाही. कोरड्या हवेत त्याचा उच्छ्वास बाहेरच्या हवेपेक्षाही गार असतो. उंट याच्याही पुढे गेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले, की तहानलेल्या उंटाच्या नाकातला वरचा थर वाळतो आणि रात्रीच्या गार हवेत तो उच्छ्वासातले बाष्प टिपकागदासारखा शोषून घेतो. उंट सोडतो ती हवा बाष्पाने पूर्ण भरलेलीही नसते.

शेळी, मेंढी, गाय, काळवीट यांत नाकाचा आणखी एक उपयोग आहे. नाकात गार झालेले शिरांतील रक्त मेंदूच्या तळाशी येते. तिथे मेंदूकडे जाणारी धमनी बारीक फाट्यांच्या जाळीत विभागलेली असते आणि त्या जाळीभोवती हे गार रक्त खेळते. त्यामुळे भर उन्हात धावणाऱ्या काळविटाचे अंग तापले तरी मेंदू त्यामानाने गार राहू शकतो. घोड्यात अशी जाळी नाही.

कुत्रा धापा टाकतो तेव्हा हवा प्रामुख्याने नाकातून आत आणि तोंडातून बाहेर जाते. बाष्पीभवनासाठी लागणारे पाणी नाकाच्या बाजूच्या भिंतीतली एक मोठी ग्रंथी पुरवते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत कवटी आखूड झाली, पण मऊ तालू आणि गुंडाळ्या त्या प्रमाणात आटल्या नाहीत. नाकपुड्या चिरेसारख्या झाल्या. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात असा कुत्रा पाळणे म्हणजे त्याची थंड करण्याची यंत्रणाच काढून घेऊन त्याला उन्हात सोडणे आहे.

वासाचे दालन : नासागुहेच्या मागच्या, वरच्या टोकाला झर्झरास्थीची चाळणीसारखी भोके असलेली पट्टी आहे. तिच्या पुढच्या गुंडाळ्यांवरील अस्तरात घ्राणपेशी असतात. प्रत्येक पेशीच्या टोकाला श्लेष्म्यात बुडालेले सूक्ष्म तंतू, आणि दुसऱ्या बाजूने निघणारा मज्जातंतू चाळणीतून पार होऊन मेंदूच्या घ्राणकंदात, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागात, शिरतो. म्हणजे मेंदू आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये इथे एकाच पेशीचे अंतर असते. या पेशी मरतात आणि आयुष्यभर नव्या तयार होत राहतात, जी गोष्ट बहुतेक मज्जापेशींना जमत नाही. वासाचे रेणू पकडणाऱ्या ग्राही प्रथिनांच्या जनुकांचे मोठे कुटुंब लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधले. २००४ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना मिळाले. माणसात अशी कार्यक्षम जनुके सुमारे ४००, कुत्र्यात सुमारे ८००, आफ्रिकी हत्तीत सुमारे २०००. कुत्र्याच्या नाकाची थोरवी सांगताना पेशींचे कोट्यवधींचे आकडे फेकले जातात. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे ते बदलतात. जनुकांच्या यादीत तर हत्ती कुत्र्याच्या कितीतरी पुढे आहे.

कुत्र्याचे यश निम्मे हवेच्या वाटांत आहे. हुंगताना तो सेकंदाला सुमारे पाच वेळा छोटे श्वास घेतो. आत आलेल्या हवेचा थोडा हिस्सा वेगळ्या वाटेने थेट मागच्या दालनात जातो आणि तिथे संथपणे गुंडाळ्यांवरून फिरतो. बाकीची हवा फुप्फुसाकडे. सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे फेकला जातो, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही.

वासाचे दुसरे, लहान अंग पडद्याच्या तळाशी असते. डॅनिश वैद्य लुडविग जेकबसन यांनी १८१३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते जेकबसन अंग. गाय मुतल्यावर वळू तिथे तोंड लावतो, मान वर करतो आणि वरचा ओठ मुडपून काही क्षण थांबतो. तेव्हा वरच्या हिरडीमागच्या छोट्या नळीतून मूत्रातले संकेत या अंगाकडे जातात आणि गाय माजावर आहे की नाही हे वळूला कळते. घोडाही ओठ मुडपतो, पण त्याची नळी तोंडात उघडत नाही. त्याला सगळे नाकातूनच ओढावे लागते.

नासाकोटरे : नासागुहेच्या आजूबाजूच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. गाईच्या कपाळातले कोटर वाढत्या वयात शिंगाच्या गाभ्यात शिरते. म्हणून मोठ्या जनावराचे शिंग मुळातून मोडले की कपाळाच्या आतला भाग उघडा पडतो. भारतातल्या बैलांत आढळणारा शिंगाचा कर्करोग या कोटराच्या अस्तरातून उगवतो. बैल डोके झटकतो, शिंग खांबावर घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो आणि पुढे शिंग सैल होऊन कलते. नाकाकडे वेळीच पाहिले तर शिंग कलण्याआधी रोग कळू शकतो.

घशातला चौक : श्वासाची वरची वाट घशात अन्नाच्या खालच्या वाटेला ओलांडून पुढे जाते. घोड्याचा मऊ तालू इतका लांब, की तो स्वरयंत्राला खालून घट्ट वेढतो. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही. गाय गरज पडली तर घेते. बैलाला नळकांडीने औषध पाजताना मान फार उंच केली किंवा जीभ बाहेर ओढून धरली, तर गिळण्याचा क्रम बिघडून औषध श्वासनळीत जाते आणि न्यूमोनिया होतो.

टोकाची रूपे : हत्तीची सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ यांचा एकजीव स्नायुमय अवयव. आत हाड नाही. दोन नाकपुड्या टोकापर्यंत वेगळ्या जातात. हत्ती सोंडेने पाणी पीत नाही, सोंडेत ओढून तोंडात सोडतो. कोकण किनाऱ्यावरच्या गाद्याच्या, म्हणजे डॉल्फिनच्या नाकपुड्या सरकून डोक्याच्या माथ्यावर गेल्या आहेत. दोन्ही वाटा वर मिळून एकच फुत्कारछिद्र होते. वासाचे दालन त्याने गमावले. नाकाच्या वाटेतल्या ओठांसारख्या घड्या थरथरवून तो ध्वनी काढतो व त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो. नाकावर नालेच्या आकाराचे पान असलेली वटवाघळेही नाकातूनच ध्वनी सोडतात.

उगम : बहुतेक माशांची नाकपुडी घशात उघडत नाही; पाणी एका भोकाने आत व दुसऱ्याने बाहेर जाते आणि मासा फक्त वास घेतो. म्हणजे नाक आधी वासाचे होते, श्वासाचे काम त्याला नंतर मिळाले. चीनच्या युनान प्रांतात सापडलेल्या, सुमारे ३९.५ कोटी वर्षांपूर्वीच्या केनिक्थिस या माशाच्या जीवाश्मात दुसरे भोक वरच्या जबड्याच्या काठावर, दातांच्या ओळीत आले आहे. हे भोक तोंडाच्या आत सरकण्याच्या प्रवासाचा तो मधला टप्पा, असे २००४ मध्ये दाखवले गेले. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांच्या कवट्यांत श्वासाच्या गुंडाळ्या चिकटण्याच्या कडा दिसतात. त्यावरून शरीर उबदार ठेवण्याची सुरुवात केव्हा झाली याचा अंदाज बांधतात.

नाकाचे काही रोग : माणसाच्या नाकातून रक्त आले की घोळणा फुटला म्हणतात. शर्यतीनंतर घोड्याच्या नाकपुडीत दिसणारे रक्त मात्र बहुधा फुप्फुसातले असते. तळ्या-डबक्यांच्या पाण्यावर राहणाऱ्या गाई-बैलांत नाकातल्या शिरांत एक चपटा कृमी घर करतो. नाकात फुलकोबीसारख्या गाठी येतात आणि जनावर दुरून ऐकू येईल इतके घोरते. मद्रासचे पशुवैद्यक एम. अनंतनारायण राव यांनी १९३३ मध्ये या कृमीचे वर्णन केले. शेंबडातून अंडी पाण्यात पडतात, गोगलगाईत वाढलेल्या अळ्या पाण्यात उतरलेल्या जनावराच्या कातडीतून आत शिरतात. म्हशीत हा कृमी असूनही लक्षणे कमी दिसतात.

मेंढ्यांच्या नाकातली माशी अंडी न घालता जिवंत अळ्याच नाकपुडीच्या कडेला सोडते. त्या कोटरांपर्यंत चढतात, मोठ्या होतात आणि शिंकेबरोबर जमिनीवर पडून मातीत कोश करतात. भर दुपारी धनगराची मेंढरे एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून घोळक्याने उभी राहतात, त्यात सावलीचा भाग असतोच. पण या माशीच्या दिवसांत नाके जमिनीशी नेलेली दिसली, तर ती नाकपुड्या वाचवण्याची धडपड असते.