बाळ मिरजेचं की कागवाडचं?

"ताई, दाखला हितनं काढायचा का मिरजेतनं?"

सीमेलगतच्या, कर्नाटकातल्या कागवाडच्या एका घरात मी पाहुणा म्हणून चहा पीत बसलो होतो, तेव्हा आजीनं आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला, बाळाच्या जन्मदाखल्याबद्दल विचारलेला हा प्रश्न. बाळ सतरा दिवसांचं. सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, मिरज जवळ, म्हणून थेट तिकडंच नेलं. आता आजीच्या एका हातात कर्नाटकाचं तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदीचं), दुसऱ्या हातात महाराष्ट्रातल्या दवाखान्याचा कागद.

"मिरजेतनंच, आजी. जिथं जन्म तिथंच नोंद. अजून चार दिवस आहेत बघा."

ताईंनी १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा दोन वाक्यांत सांगून टाकला. नोंद घटनेच्या ठिकाणी होते, मुदत २१ दिवसांची. दवाखान्यातल्या जन्माची खबर दवाखान्यानं द्यायची, घरातल्या जन्माची कुटुंबप्रमुखानं. नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही. ते मागाहून घालता येतं.

आपण दाखल्यापाशी थांबतो. पण जन्माच्या फॉर्मला दोन अंगं असतात. एक कायद्याचं, त्यावरून दाखला निघतो. दुसरं आकडेवारीचं: आईचं वय, शिक्षण, हे कितवं मूल, बाळंतपण कुणी केलं, नैसर्गिक की सिझेरियन, बाळाचं वजन किती, आणि आई राहते कुठल्या गावात. आरोग्य खात्याला खरं सोनं सापडतं ते इथं.

वजनच घ्या. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, आणि अशी बाळं एखाद्या भागात वाढली तर आयांचं पोषण, रक्तक्षय, कष्टाची कामं यांकडे बघावं लागतं. मात्र कागदावर नेमक्या २५०० ग्रॅमवर बाळांची गर्दी दिसली, की समजावं काट्यापेक्षा अंदाज जास्त चाललाय. आपल्या आजोबांच्या पिढीत निम्मी आळी १ जूनला जन्मली होती, त्यातलाच हा प्रकार! (तेव्हा मास्तर शाळेत घालताना तारीख ठोकून द्यायचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे ती गंमत संपली.)

सीमाभागात याहून मोठा घोळ गावाचा. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, चंदगडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव. बाळंतिणी राज्याची हद्द बघून निघत नाहीत. समजा एका गावात वर्षभरात ५० बाळं आली, त्यातली १५ पलीकडं जन्मली. गावच्या दप्तरात राहिली ३५. गोवराची लस टोचायच्या वेळी सगळी घरीच असतात, ४५ जणांना लस मिळते. भागाकार केला तर लसीकरण १२८ टक्क्यांच्या वर! आणि राहिलेली पाच बाळं या आनंदात कुणाला दिसतच नाहीत. यावर उपाय फॉर्मच्या त्या दुसऱ्या अंगात आहे: जन्म मिरजेच्या नोंदीत, पण मोजणी आईच्या गावात. त्यासाठी एका कागदावरचं बाळ दुसऱ्या कागदावर ओळखता आलं पाहिजे.

मला सगळ्यात रंजक वाटते ती ही जुळवणी. देशभर निवडक गावांत आणि शहरी भागांत 'नमुना नोंदणी पद्धत' चालते. एक स्थानिक गणक जन्म-मृत्यू सतत टिपतो. दुसरा माणूस सहा महिन्यांनी येऊन, पहिल्याची वही न बघता, घरोघरी स्वतंत्र विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवायच्या आणि न जुळलेल्या नोंदी पुन्हा दारात जाऊन तपासायच्या. पलीकडं जन्मलेलं बाळही इथं आपल्या राहत्या गावात धरलं जातं.

दोन याद्यांतून सुटलेल्यांचा अंदाज काढायची युक्ती चंद्रशेखर आणि डेमिंग या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मांडली. पहिल्या यादीत ९० बाळं, दुसरीत ८०, दोन्हीत सापडली ७२. म्हणजे दुसरीतल्या ८० पैकी ७२, नव्वद टक्के, पहिलीला सापडली होती. तर पहिलीतली ९० हीसुद्धा एकूण बाळांच्या नव्वद टक्केच असणार. एकूण १०० (९० गुणिले ८० भागिले ७२). दोन्ही याद्यांत मिळून ९८ आहेत, म्हणजे दोघांच्याही हातून निसटलेली दोन. न बघितलेली बाळं मोजली की!

पण आता आपल्याकडची नावं आठवा. पलीकडच्या कागदावर 'चौगुले', इकडं कन्नडमध्ये 'चौगला'. दवाखान्यात आईचं माहेरचं नाव, तायी कार्डावर सासरचं. ७२ पैकी १२ जोड्या अशा ओळखायच्या राहिल्या, तर ९० गुणिले ८० भागिले ६०, उत्तर १२०. वीस बाळं नुसती कागदावर जन्मली.

ताईंनी दवाखान्याचा कागद उजेडात धरला, तायी कार्डाशेजारी ठेवला आणि बोट फिरवत अक्षरं ताडून बघितली.

"आजी, सुनेचं नाव आधारवर कसं हाय?"

"तिथं अजून बापाचंच हाय की."

"मग मिरजेला जाताना दोन्ही कागद न्या. आन् गाव सांगताना कागवाड सांगा, मिरज नको."