फिल्टरवरचे मायक्रॉनचे आकडे आले कुठून?

पाण्याच्या फिल्टरवर १, ०.२ किंवा ०.०१ मायक्रॉन असे आकडे छापलेले असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आकडा जितका लहान तितका फिल्टर चांगला, असा समज सर्वत्र आढळतो. पण हे आकडे ज्या क्रमाने रूढ झाले तो क्रम पाहिला, तर यांतल्या बहुतेक आकड्यांमागे आधीच्या गाळणीतून निसटलेला एखादा जंतू उभा दिसतो.

सुरुवातीच्या गाळण्यांत छिद्राच्या मापाला फारसे स्थानच नव्हते. जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी जलपुरवठ्यासाठी वाळूचे गाळणथर बांधले, तेव्हा हेतू पाणी नितळ करण्याचा होता. वाळूच्या कणांमधल्या फटी जिवाणूपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. तरीही १८९२ च्या कॉलऱ्यात जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये ८,००० हून अधिक माणसे दगावली, आणि शेजारचे आल्टोना, जे एल्ब नदीचे तेच पाणी हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला उचलून वाळूतून गाळत होते, बऱ्याच अंशी वाचले. तिथे जंतू अडत होते ते मुख्यतः वाळूवर साचणाऱ्या सजीव, बुळबुळीत थरामुळे.

छिद्राच्या बारीकपणावरच भिस्त ठेवणारी गाळणी पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत शार्ल शांबरलाँ यांनी १८८४ मध्ये तयार केली. ही झिलई न दिलेल्या पोर्सिलेनची, एका टोकाला बंद असलेली नळी होती. पाणी बाहेरून दाबाने आत झिरपे आणि जंतूंचा चिकट लेप बाहेरच्या पृष्ठभागावर बसे. तो ब्रशने घासून काढावा लागे, नाहीतर धार मंदावत जाई. १८९१ मध्ये विल्हेल्म बेर्केफेल्ड यांनी डायटमयुक्त (म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या कवचांच्या) मातीची कँडल आणली. तिची छिद्रे मोठी, त्यामुळे पाणी लवकर येई, पण अडवण्याची ताकद कमी. बारीकपणा हवा की वेग, हा पेच तेव्हापासूनचा आहे आणि तो भौतिकशास्त्रातूनच आलेला आहे: छिद्राचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच दाबाखाली त्या एका छिद्रातून येणारे पाणी सोळाव्या हिश्शावर येते.

त्याच १८९२ साली दिमित्री इव्हानोव्हस्की यांना आढळले की तंबाखूच्या रोगट पानांचा रस शांबरलाँ गाळणीतून काढला तरी रोग पसरवतोच. विषाणूंची ओळख अशी गाळणीच्या अपयशातून झाली. पाण्यातून पसरणारे अनेक विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात, म्हणून त्यांच्यासाठी ०.०१ मायक्रॉनच्या घरातले अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांतून गाळणे, लागते किंवा क्लोरीनसारख्या निर्जंतुकीकरणाची जोड द्यावी लागते.

मोजून-मापून बनवलेली छिद्रे आली ती सेल्युलोज नायट्रेटच्या मेम्ब्रेनमुळे, म्हणजे पातळ सच्छिद्र पडद्यांमुळे, ज्यांवर झिग्मोंडी आणि बाखमान यांनी १९१८ च्या सुमारास काम केले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यातले कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे) जिवाणू मेम्ब्रेनवर पकडून मोजण्यासाठी ०.४५ मायक्रॉनचे माप रुळले, आणि काही काळ तेच निर्जंतुक गाळणाचेही माप मानले गेले. १९६० च्या दशकात, तेव्हा स्यूडोमोनास डिमिन्युटा म्हटला जाणारा एक चिमुकला जिवाणू त्यातून पार होतो हे स्पष्ट झाले आणि माप ०.२ वर आले. अशा मेम्ब्रेनची चाचणी घेताना तिच्या दर चौरस सेंटिमीटरवर आजही हेच किमान एक कोटी जिवाणू सोडतात. पलीकडे एकही जाता कामा नये.

१ मायक्रॉनच्या आकड्याला वजन आले ते १९९३ च्या अमेरिकेतील मिलवॉकी शहरातल्या साथीनंतर. गाळण केंद्र चालू असतानाही अंदाजे ४ लाख लोक क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीमुळे आजारी पडले. त्याच्या ४ ते ६ मायक्रॉनच्या कवचधारी पेशी क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यामुळे त्या गाळूनच काढाव्या लागतात. मात्र फिल्टरवर ‘नॉमिनल’ १ मायक्रॉन लिहिले असेल, तर त्या मापाचे काही कण पलीकडे जाणार हे गृहीत धरलेले असते. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ मापात त्याहून मोठे कण जवळपास सगळे अडणे अपेक्षित असते. माझ्या मते खरेदी करताना दशांश चिन्हापुढच्या आकड्यांआधी हा शब्द वाचावा.

सर्वात बारीक छिद्र दर वेळी लागतेच असेही नाही. बांगलादेशातील मतलब भागात रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी साडीचे कापड किमान चार पदरी करून त्यातून पाणी गाळायला लावले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. त्या घडीची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची, म्हणजे सुटा जिवाणू सहज पार होईल एवढी होती. पण कॉलऱ्याचे जिवाणू मोठ्या संख्येने ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून असतात, ते जलचर कापडात अडकत होते. त्यातही जुनी साडी अधिक उपयोगी ठरली, कारण धुऊन धुऊन सुटलेल्या तंतूंनी विणीतली भोके लहान झाली होती.